संगीतातले आकृतिबंध गणिताने कसे शोधावेत

गाण्यात आधी ऐकलेली ओळ पुन्हा आली की कान ती तत्क्षणी ओळखतो, पण नेमके काय पुन्हा आले हे सांगायची वेळ आली की आपण अडखळतो. सूर तेच होते की फक्त ठेका तोच होता, मधे वाद्ये बदलली होती का, ओळ किंचित वरच्या पट्टीत गेली होती का, हे सारे कानाला जाणवते खरे, पण कान त्याची नोंद ठेवत नाही. संकेत-विश्लेषणाचे, म्हणजे ध्वनीसारख्या सतत बदलणाऱ्या मोजमापांतून माहिती काढण्याचे, गणित उपयोगी पडते ते या नोंदीसाठी. ध्वनिमुद्रण म्हणजे शेवटी अंकांची एक लांबलचक रांग असते आणि त्या रांगेतून सूर, लय आणि पुनरावृत्ती वेगवेगळी काढता येतात. त्यासाठी शाळेतली त्रिकोणमिती थोडीफार आठवत असली तरी पुरे. पायथन भाषा येत असेल तर ‘लिब्रोसा’ हा मुक्त प्रोग्रामसंच पुढची जवळजवळ सगळी कामे करतो. येत नसेल तर ‘ऑडॅसिटी’ किंवा ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ या मोफत सॉफ्टवेअरवरही निम्मी वाट चालता येते.

प्रश्न आधी लिहावा

संगणक उघडण्यापूर्वी कागदावर एका वाक्यात प्रश्न लिहावा: ‘या रचनेतला कोणता भाग पुन्हा येतो?’, ‘लय शेवटाकडे वाढते का?’, ‘गाणाऱ्याचा पंचम स्थिर आहे का?’ हे तिन्ही प्रश्न एकाच ध्वनिमुद्रणाला विचारता येतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिल्या प्रश्नाला सूर कोणत्या सप्तकातला आहे याच्याशी कर्तव्य नाही, दुसऱ्याला सुरांशीच कर्तव्य नाही आणि तिसऱ्याला एकाच सुराच्या बारीक अंशावर बोट ठेवायचे आहे. पुढच्या प्रत्येक पायरीवर आपण ध्वनीतली काही माहिती जाणूनबुजून टाकून देणार आहोत. काय टाकायचे हे प्रश्नावरून ठरते. प्रश्नच नसेल तर ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ध्वनिमुद्रण तयार करणे

सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. या नोंदींना नमुने म्हणतात. वारंवारिता म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, ती हर्ट्झमध्ये मोजतात. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारिता त्यात पकडता येतात, म्हणजे इथे २२,०५० हर्ट्झपर्यंतच्या. सुरांचा आणि लयीचा अभ्यास करायचा तर इतके लागत नाही, कारण पियानोच्या सर्वांत वरच्या पट्टीचा मूळ सूरदेखील सुमारे ४,१८६ हर्ट्झचा असतो. म्हणून दर २२,०५० वर आणावा. काम हलके होते. मात्र हे करताना स्वतःच्या हाताने एकाआड एक नमुना गाळू नये. तसे केल्यास १५,००० हर्ट्झचा आवाज घडी पडल्यासारखा खाली येऊन ७,०५० हर्ट्झवर दिसू लागतो आणि मूळ ध्वनीत नसलेला सूर आपण शोधून काढतो. सॉफ्टवेअरमधली दर बदलण्याची सोय आधी वरच्या वारंवारिता गाळते आणि मगच नमुने कमी करते, तीच वापरावी.

डावा आणि उजवा असे दोन प्रवाह असतील तर त्यांची सरासरी घेऊन एकच करावा. टाळ्या, निवेदन आणि सुरुवातीची शांतता कापून टाकावी.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. आपले मुद्रण तपासण्याआधी ४४० हर्ट्झचा शुद्ध सूर पाच सेकंद तयार करून तो पुढे सांगितलेल्या संपूर्ण प्रक्रियेतून न्यावा. सर्वांत जोरकस वारंवारिता, म्हणजे शिखर, ४४० वर आले नाही तर चूक संगीतात नाही, आपल्या मांडणीत आहे. मी एकदा एका जुन्या मुद्रणात अखंड चालणारा खर्जातला सूर सापडला म्हणून दोन संध्याकाळी त्याच्या मागे लागलो होतो. तो बरोबर ५० हर्ट्झवर होता आणि वाद्ये थांबल्यावरही थांबत नव्हता. वीजपुरवठ्याची गुणगुण होती ती. वीजपुरवठा काही देशांत ५० आणि काही देशांत ६० हर्ट्झचा असतो, आणि त्यांच्या दुपटीवरही अशीच रेघ दिसते. ती आधी ओळखून बाजूला ठेवावी.

आठ आकड्यांत फूरिए

जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेच्या वहनावर ग्रंथ लिहिला, आणि त्यात उष्णतेसाठी वापरलेली युक्ती पुढे ध्वनीच्या अभ्यासाचा पाया झाली. कोणताही गुंतागुंतीचा आकार साध्या लहरींच्या बेरजेने बांधता येतो, हे तिचे सार. प्रत्येक लहर किती प्रमाणात आहे हे काढण्याची रीत इतकी सोपी आहे की ती एकदा हाताने करून पाहावीच.

समजा आपल्याकडे आठच नमुने आहेत: ०, १, ०, −१, ०, १, ०, −१. यात लहर दोनदा वरखाली होते, हे डोळ्यांना दिसते. आता आठ नमुन्यांत दोन फेरे घेणारी साइन लहर तपासणीसाठी घेऊ. तिचे आकडेही नेमके हेच आहेत. दोन्ही रांगा एकाखाली एक मांडून जोडीजोडीने गुणाकार केला आणि सगळे गुणाकार मिळवले तर उत्तर ४ येते. आता तपासणीसाठी एकच फेरा घेणारी लहर घेऊ: ०, ०.७, १, ०.७, ०, −०.७, −१, −०.७. तेच गुणाकार केले की ०.७, −०.७, −०.७ आणि ०.७ एवढेच शिल्लक राहतात आणि बेरीज शून्य होते. तीन फेऱ्यांच्या लहरीचेही उत्तर शून्यच येते. म्हणजे ज्या लहरीचा अंश ध्वनीत आहे तिथेच बेरीज साठते. बाकीच्या ठिकाणी धन आणि ऋण एकमेकांना खाऊन टाकतात.

यात एक फट आहे. आपली लहर १, ०, −१, ० अशी पाव फेरा पुढून सुरू झाली असती तर दोन फेऱ्यांच्या साइनशीही बेरीज शून्य आली असती. म्हणून प्रत्येक वारंवारितेला साइन आणि कोसाइन अशा दोन्ही लहरींनी गुणतात, दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवतात आणि वर्गमूळ घेतात. लहर कुठून सुरू झाली ही माहिती इथे टाकली गेली. आकृतिबंध शोधताना तिची सहसा गरज नसते.

२,०४८ नमुन्यांवर हे सरळ पद्धतीने करायचे तर सुमारे ४२ लाख गुणाकार लागतात. जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या जलद रीतीत काम सुमारे २२,५०० च्या घरात येते. लॅपटॉपवर अख्खे गाणे काही क्षणांत तपासून होते ते या काटकसरीमुळे.

खिडकीची लांबी ठरवणे

संपूर्ण गाण्याचे एकदम असे लहरींत रूपांतर केले तर कोणते सूर वापरले हे कळते, पण ते केव्हा आले हे कळत नाही. म्हणून गाण्याचे छोटे, एकमेकांवर चढलेले तुकडे करतात आणि प्रत्येकाचे रूपांतर वेगळे काढतात. या तुकड्याला खिडकी म्हणतात. संपूर्ण पद्धतीत सर्वाधिक विचार करण्याची जागा हीच आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी लोक सॉफ्टवेअरने सुचवलेला आकडा डोळे झाकून स्वीकारतात.

हिशेब असा आहे. २२,०५० च्या दराने २,०४८ नमुन्यांची खिडकी घेतली तर ती ९३ मिलिसेकंदांची होते आणि वारंवारितेची घरे १०.८ हर्ट्झच्या अंतराने पडतात. ४४० हर्ट्झच्या सुराच्या पुढचा अर्धसूर ४६६ वर आहे. मधे २६ हर्ट्झ आहेत, त्यामुळे दोघे वेगळे दिसतात. पण दोन सप्तके खाली, ११० हर्ट्झवर, पुढचा अर्धसूर ११६.५ ला येतो. साडेसहा हर्ट्झचे हे अंतर पावणेअकरा हर्ट्झच्या घरात बुडून जाते आणि खर्जातले दोन शेजारी सूर एकच डाग होतात. उपाय म्हणून खिडकी चौपट, म्हणजे ८,१९२ नमुन्यांची केली तर घरे २.७ हर्ट्झची होतात, पण खिडकी आता ३७२ मिलिसेकंदांची झाली. सेकंदाला आठ सूर घेणारी तान असेल तर प्रत्येक सूर १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे एका खिडकीत जवळजवळ तीन सूर कालवले जातात.

‘कोणता सूर’ आणि ‘केव्हा’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या अचूक मिळत नाहीत. ही सॉफ्टवेअरची उणीव नाही, गणिताची मर्यादा आहे. डेनिस गाबोर यांनी १९४६ साली ती संकेतांच्या संदर्भात मांडली. माझा सल्ला असा की मधला मार्ग काढत बसू नये. लयीसाठी छोट्या खिडकीने एक विश्लेषण करावे, सुरांसाठी मोठ्या खिडकीने दुसरे करावे आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. खर्जाला मोठी आणि तारसप्तकाला छोटी खिडकी देणारे रूपांतरही आहे. ज्युडिथ ब्राउन यांनी १९९१ साली ते संगीतासाठी मांडले, आणि लिब्रोसामध्ये ते ‘सीक्यूटी’ या नावाने मिळते.

खिडकीच्या कडा मात्र कचकन कापू नयेत. तुकडा अचानक सुरू होऊन अचानक संपला तर एका सुराची ऊर्जा आजूबाजूच्या घरांत सांडते. त्यासाठी तुकड्याला दोन्ही टोकांना हळूहळू शून्यावर नेणाऱ्या वक्राने गुणतात; ‘हान’ नावाचा वक्र नेहमीच्या कामाला चांगला आहे. त्याने शिखर थोडे रुंद होते, तेव्हा दोन सूर वेगळे दिसण्यासाठी वरच्या हिशेबापेक्षा साधारण दुप्पट अंतर धरावे.

चित्र वाचणे आणि बारा घरांत घडी घालणे

आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारिता आणि रंगाने तीव्रता दाखवली की स्पेक्ट्रोग्राम तयार होतो. तीव्रता डेसिबलमध्ये दाखवावी, नाहीतर मोठे आवाज तेवढे दिसतात आणि बाकी सगळा काळोख होतो. आडव्या रेघा म्हणजे टिकून राहिलेले सूर, उभ्या रेघा म्हणजे आघात, नागमोडी रेघ म्हणजे कंप.

नवख्या वाचकाला एका सुराच्या जागी रेघांची शिडी दिसते आणि तो गोंधळतो. २२० हर्ट्झची तार छेडली की २२०, ४४०, ६६०, ८८०, १,१०० अशा पटींवर रेघा उमटतात. या हार्मोनिक रेघा आहेत. सगळ्यांत ठळक रेघ म्हणजे मूळ सूर असे धरून चालू नये. पुष्कळदा दुसरी किंवा तिसरी रेघ पहिलीपेक्षा जोरकस असते. समान अंतराच्या रेघांमधले अंतर मोजावे. ते अंतर म्हणजे मूळ सूर.

रचनेची पुनरावृत्ती शोधायची असेल तर सप्तकाची माहिती आता टाकून द्यावी. ११०, २२०, ४४० आणि ८८० हर्ट्झ हे सगळे एकाच नावाचे सूर आहेत, म्हणून त्यांची ऊर्जा एका घरात मिळवावी. असे बारा अर्धसुरांसाठी केले की प्रत्येक क्षणासाठी बारा आकडे हाती येतात. त्यांना क्रोमा म्हणतात. तीच ओळ एकदा बासरीवर आणि एकदा व्हायोलिनवर वाजली तरी बारा आकड्यांत ती बरीच सारखी दिसते, आणि हेच आपल्याला हवे होते.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला हार्मोनिकांचा: २२० हर्ट्झला षड्ज मानले तर ६६० पंचमाच्या घरात पडतो आणि १,१०० गंधाराच्या. म्हणजे एकच तार वाजली तरी क्रोमात सा, ग आणि प तिघे उजळतात, आणि संगणक तिथे तीन सुरांचा मेळ वाजला असे समजू शकतो. दुसरा खड्डा जुळणीचा. बारा घरे सहसा ४४० हर्ट्झ हा आधार धरून आखलेली असतात. वाद्ये ४३० ला जुळवलेली असतील तर प्रत्येक सूर घराच्या मध्यापासून सुमारे ४० सेंट सरकतो, आणि अर्धसूरच मुळी १०० सेंटचा असल्यामुळे निम्मी ऊर्जा शेजाऱ्याकडे जाते. आधी मुद्रणातला आधारस्वर मोजावा आणि घरे त्याच्यावरून आखावीत. बारा घरांत न बसणारे सूर असलेल्या संगीतासाठी घरे २४ किंवा ३६ करावीत.

लय काढणे

लयीसाठी सूर विसरावेत. लागोपाठच्या दोन खिडक्यांची वजाबाकी करावी, जिथे ऊर्जा वाढली तेवढेच आकडे ठेवावेत, घट सोडून द्यावी आणि बेरीज करावी. आघात होतो तिथे ही बेरीज उसळते. आता या उसळ्यांची रांग तिच्याच सरकवलेल्या प्रतीशी ताडून पाहायची.

समजा उसळ्या ९, २, ५, २, ९, २, ५, २ अशा येत आहेत. सरासरी ४.५ वजा केली की ४.५, −२.५, ०.५, −२.५ हे चार आकडे पुन्हा पुन्हा येतात. रांग एक घर सरकवून गुणाकारांची बेरीज केली तर एका आवर्तनामागे −२५ येते, दोन घरे सरकवून १७ आणि चार घरे सरकवून ३३. म्हणजे खरे आवर्तन चार घरांचे आहे, पण दोन घरांनाही बऱ्यापैकी जुळते. संगणक मिनिटाला ६० ठोक्यांच्या गाण्याला १२० ठोक्यांचे म्हणतो तेव्हा नेमके हेच झालेले असते. ती घोडचूक नव्हे. माणसेही त्याच गाण्यावर कधी एकेरी, कधी दुपटीने टाळी देतात. दोन्ही आकडे लिहून ठेवावेत आणि निवाडा ऐकून करावा.

आणखी एक बारकावा. दर ५१२ नमुन्यांनी एक खिडकी घेतली तर सेकंदाला ४३ आकडे मिळतात. २१ घरांचे सरकणे म्हणजे मिनिटाला १२३ ठोके, आणि २२ घरांचे म्हणजे ११७. मधले १२० मोजपट्टीवरच नाहीत! लय हळूहळू वाढते का, हा प्रश्न असेल तर खिडक्या अधिक दाट घ्याव्यात आणि संपूर्ण गाण्याऐवजी आठ-दहा सेकंदांच्या तुकड्यांवर हीच क्रिया करावी.

साम्याची सारणी

पुनरावृत्तीचा आकृतिबंध खऱ्या अर्थाने डोळ्यांसमोर येतो तो इथे. गाण्याचा प्रत्येक क्षण दुसऱ्या प्रत्येक क्षणाशी ताडायचा आणि साम्याचा आकडा चौकोनी सारणीत भरायचा. जोनाथन फूट यांनी १९९९ साली संगीत असे मांडून दाखवले. दोन क्षणांच्या क्रोमाच्या बारा-बारा आकड्यांचे जोडीने गुणाकार करून मिळवावेत आणि त्या बेरजेला दोन्ही रांगांच्या लांबींनी भागावे. लांबी म्हणजे इथे रांगेतल्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ. उत्तर १ आले तर दोन्हींतल्या सुरांचे प्रमाण एकच आहे आणि ० आले तर एकही सूर समान नाही.

सारणी भरण्यापूर्वी आकडे कमी करावेत. चार मिनिटांच्या गाण्यात सेकंदाला ४३ प्रमाणे सुमारे १०,३०० क्षण होतात आणि सारणीत दहा कोटींहून अधिक घरे. अर्ध्या सेकंदाची सरासरी घेतली तर ४८० क्षण आणि २,३०,४०० घरे एवढेच उरते. लय आधीच सापडली असेल तर अर्ध्या सेकंदाऐवजी एकेका मात्रेची सरासरी घ्यावी; मग दुसऱ्यांदा जरा जलद गायलेली ओळही पहिल्या ओळीशी नीट जुळते.

चित्रात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा ठळक कर्ण दिसेल. तो काही सांगत नाही. प्रत्येक क्षण स्वतःसारखा असतोच. पाहायचे ते त्याला समांतर असलेल्या छोट्या तिरप्या रेघांकडे. ६०व्या सेकंदापासून ८०व्या सेकंदापर्यंतचा भाग १४०व्या सेकंदाला पुन्हा सुरू होत असेल, तर कर्णापासून ८० सेकंद दूर, २० सेकंद लांबीची रेघ दिसते. तिरप्या रेघेऐवजी भरीव चौकोन दिसला तर तिथे चाल पुन्हा आलेली नसून तेच मोजके सूर बराच वेळ घोळत आहेत असे समजावे. ओळ वरच्या पट्टीत गेली असेल तर रेघ पुसट होते किंवा नाहीशी होते. अशा वेळी एका बाजूचे बारा आकडे एकेक घर फिरवून सारणी पुन्हा भरावी. दोन घरे फिरवल्यावर रेघ उजळली तर ओळ दोन अर्धसुरांनी सरकली आहे.

सापडलेले खरे आहे का

पुरेशा वेळ पाहिले की कोणत्याही सारणीत रेघा दिसू लागतात. म्हणून गाण्याचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही लावावेत आणि त्या विस्कटलेल्या गाण्याची सारणी काढून सर्वांत लांब रेघ मोजावी. असे शंभरदा करावे. मूळ गाण्यात २० सेकंदांची रेघ होती आणि विस्कटलेल्या शंभरांपैकी एकातही सहा सेकंदांच्या पुढे गेली नाही, तर तो आकृतिबंध रचनेतला आहे. पंचवीस-तीस वेळा तशीच रेघ आली तर गाण्यात मुळात सूरच थोडे आहेत आणि ते कसेही लावले तरी जुळतात, एवढाच त्याचा अर्थ.

या कसोटीतून उतरलेल्या प्रत्येक रेघेची दोन्ही ठिकाणे कापून लागोपाठ ऐकावीत. कानाला ती सारखी वाटली नाहीत तर प्रथम जुळणीचा आधारस्वर तपासावा आणि मग वेगळ्या लांबीची खिडकी घेऊन पाहावी. उलट, कानाला सारख्या वाटणाऱ्या दोन जागांमध्ये रेघच नसेल, तर तिथे बहुधा सूर नव्हे तर ठेका किंवा वाद्याचा पोत पुन्हा आलेला असतो. तेव्हा क्रोमा बाजूला ठेवून आघातांच्या उसळ्यांवरून नवी सारणी भरावी. प्रत्येक सारणीच्या खाली नमुन्यांचा दर, खिडकीची लांबी, खिडक्यांमधले अंतर आणि आधारस्वर हे चार आकडे लिहून ठेवावेत, कारण महिन्याभराने तीच सारणी पुन्हा काढायला बसल्यावर यांपैकी एक तरी आठवत नाही.